सुकटीचं तोंड

गोरेगाव, मुंबई
९ जून २०२४

प्रिय आत्या,

तुझे कान पुरते गेल्यापासून आपलं फोनवर बोलणं बंद झालं. दिपेशच्या मोबाईलवर काही पाठवलं तर ते आधी तो तुझा लेक वाचणार, मग सून, मग शेजारची इंदुबाई, आणि उरलं तर तू. म्हणून हे पोस्टाने पाठवते आहे. पाकीट फोडलेलं दिसलं तर मला कळव.

मी बरी आहे. स्टुडिओत काम भरपूर आहे. लहान मुलांसाठी गाण्यांचा एक सिनेमा चालू आहे. सगळी माणसं चित्रातली, पण चालतात, बोलतात, गातात. त्यासाठी मला तुझी थोडी मदत हवी. तू बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी काठीवर टाकतेस ना, ते करताना तुझ्या हातांचे फोटो हवेत. शिवाय उजेडात उभी राहा, खाली लिहिलेले शब्द हळूहळू, तोंड नीट उघडून बोल, आणि दिपेशला त्याचा व्हिडिओ काढायला सांग. शब्द असे: पाणी, वारा, हुकूम, पोरी, दर्या, नको.

कशाला ते आत्ता विचारू नकोस. सिनेमाबद्दल बाहेर बोलायचं नाही, असं आमच्याकडून सही करून घेतलंय.

तुझी
उन्नती


सातपाटी
१७ जून

उन्नती बाय,

पाकीट फोडलेलं नव्हतं. पण चिकटवलेला कागद एका बाजूनं उचललेला वाटला. पोस्टमनला विचारलं तर हसला. लोक हसले की मला काय समजायचं ते समजत नाय.

बोंबील आता कुठले गं? बंदी चालू हाय, बोटी वर ओढून ठेवल्यात, काठ्या रिकाम्या. मुंबईला जाऊन तू एवढं पण विसरलीस? का तुला विचारायचं दुसरंच होतं आणि बोंबील मधे घातलेस?

तू शब्द लिहून दिलेस ते वाचून मी रातभर विचार केला नाय, त्याच घटकेला मला कळलं. पाणी, वारा, हुकूम, पोरी, दर्या, नको. हे आमच्या गुरुजींच्या संगीतिकेतलं गाणं हाय. ‘चंद्राचं जाळं’. पालघरपासून डहाणूपर्यंत एक शाळा नसेल जिच्या गॅदरिंगला ते झालं नाय. तू पण पाहिलंयस. मग माझ्यापासून लपवतेस काय?

आणि आता तूच सांग. गेल्या आठवड्यात एक पांढरी गाडी शाळेपाशी आली. दोन बाप्ये, एक बाई. जुनं नाटक कुणाला आठवतं, असं विचारत गल्लीभर फिरले. माझ्या दाराशी पण आले. बाई गोड बोलली, फोटो काढला. मग गाडीत बसली, काच वर केली आणि शेजारच्याला बोलली, “चेटकीण मिळाली.”

मी ओठ वाचते हे तिला कुठं ठाऊक? बंद काचेतलं मला उघड्या दारातल्यापेक्षा चांगलं कळतं. आत गेल्यावर माणसं तोंड लपवत नाय.

ती माणसं तुझी का? चेटकीण कोण? हो का नाय एवढंच लिही.

प्रेमला


गोरेगाव
२६ जून

प्रिय आत्या,

हो. माणसं आमच्याच स्टुडिओची. आणि हो, सिनेमा ‘चंद्राचं जाळं’वरच आहे. हे कागदावर लिहिणं मला महागात पडू शकतं, तरी लिहिते आहे. हे पत्र वाचून चुलीत टाक.

चेटकीण म्हणजे त्यांना नाटकातली सुकटी म्हातारी म्हणायचं होतं. गुरुजींच्या संगीतिकेत चेटकीण नाहीच, हे मी त्यांना सांगितलंय. पण मुलांच्या सिनेमात एकतरी वाईट माणूस लागतं असं त्यांचं म्हणणं. मी भांडते आहे. माझं काम छोटं आहे, आत्या. मी तोंडं करते. चित्रातली माणसं बोलतात तेव्हा प्रत्येक अक्षराला ओठांचा आकार वेगळा काढावा लागतो. ‘पा’ म्हणताना ओठ मिटून उघडतात, ‘को’ला गोल होतात. हे मला आमच्या इथल्या मुलांपेक्षा जास्त येतं असं सगळे म्हणतात. कुठून आलं ते तुला माहीत आहे. तुझ्याशी बोलायचं म्हणजे तोंड स्वच्छ उघडायचं, हे मला शाळेत असल्यापासून अंगवळणी पडलंय.

सुकटीचं गाणं माझ्या वाट्याला आलं, म्हणजे मी मागून घेतलं. ते कुणा परक्याच्या ओठांवरून काढावं असं वाटेना.

व्हिडिओ पाठव ना.

उन्नती


सातपाटी
८ जुलै

उन्नती,

चूल कुठली आता, गॅस हाय. पत्र फाडून खाडीत टाकलं.

तू भांडते बोलतेस. कुणाशी भांडतेस, ते लोक काय बोलतात, ते नाय लिहीत. म्हणजे हरतेस.

तुला एक सांगते, तुझ्या बापाला, पुंडलिकलाही नीट ठाऊक नाय. तो तेव्हा पाळण्यात होता. मी सातवीत असताना गुरुजींनी ते नाटक बसवलं. गोष्ट तुला माहीत हाय. राजाचं पोर चंद्रासाठी हट्ट करतं, राजा हुकूम सोडतो, तारू नावाची कोळ्याची पोर चंद्र धरायला जाळं घेऊन निघते. वाटेत खाडीवर सुकट वाळवणारी म्हातारी भेटते, ती तिला अडवते. गावातल्या सगळ्या पोरींना तारू व्हायचं होतं, मला पण. गाणं मला येत होतं. पण मी काळी, अंगानं काटकी. गुरुजी बोलले, “प्रेमला, तू सुकटी.”

मी केली. अशी केली की पुढच्या गावची माणसं बघायला आली. आणि दुसऱ्या दिवशीपासून माझं नाव गेलं. बंदरावर सुकटी. पालघरच्या बाजारात पाटी उतरवली की सुकटी. लग्नात नवऱ्याच्या मित्रांनी मांडवात ते गाणं वाजवलं. तुझे काका नव्हते हसले, म्हणून त्यांच्याबरोबर जन्म काढला. कान गेले तेव्हा एकच बरं वाटलं, की ते नाव आता ऐकू येणार नाय. पण ओठांवर दिसतं, बाय. सु-क-टी. आधी ओठ पुढं येतात, मग दात दिसतात.

तरी ऐक. सुकटी वाईट नव्हती. सगळ्या नाटकात ती एकटीच खरं विचारते. राजाला चंद्र कशाला पायजे, आणि तो मिळाला की उद्या काय मागेल? गुरुजींनी तालमीत मला हे समजावलं होतं. बोलले होते, संशय घेणारं माणूस गावाला लागतं.

व्हिडिओ पाठवते, हातांचे फोटो बोंबील आले की. दिपेशला कडी लावून काढायला लावला. तो विचारत होता, आई, रडतेस काय. बोलले, ऊन डोळ्यांवर येतंय. पुरं गाणं बोलून दाखवलंय, नुसते शब्द नाय. माझ्या मेलेल्या भावजयीची, तुझ्या आईची शपथ घेऊन लिही, की तिला चेटकीण करणार नाय.

आत्या


गोरेगाव
२ नोव्हेंबर

प्रिय आत्या,

आईची शपथ घेऊन लिहिते: माझ्या हातून तिची चेटकीण होणार नाही.

उशीर झाला, रागावू नकोस. गाणं पुरं झालं! तुझे ओठ जसेच्या तसे आलेत. खालचा ओठ जरा डावीकडे जातो तोसुद्धा. एका मोठ्या वयाच्या गायिकेनं ते फार छान म्हटलंय. पहिलं कडवं दाखवलं तेव्हा सगळ्यांनी ते पुन्हा लावायला सांगितलं:

पाण्याला विचार, वाऱ्याला विचार,
राजाच्या हुकुमाला विचारू नको;
चंद्र तो मागेल, मग दर्या मागेल,
पोरी, तू जाळं पसरू नको.

दिग्दर्शकांनी माझी पाठ थोपटली. सिनेमा मे महिन्याच्या सुट्टीत येईल. आता आनंदात राहा आणि कुणावर संशय घेऊ नकोस.

तुझी
उन्नती


सातपाटी
२१ एप्रिल २०२५

उन्नती,

नोव्हेंबरनंतर तुझं पत्र नाय. मी दोन टाकली, एकाचं पण उत्तर नाय. आता का ते कळलं.

परवा मी बोंबील काढत होते. इंदुबाईची नातवंडं आली. समोर उभी राहिली, नाक धरलं आणि नाचायला लागली. ओठांवर माझं जुनं नाव. मी इंदुबाईकडं बघितलं, तिनं मान खाली घातली. दिपेशला विचारलं, तो बोलला काय नाय गं आई, पोरं हायत. तो खोटं बोलतो तेव्हा मिशीवरनं हात फिरवतो. मोबाईल हिसकावून घेतला. सिनेमाची जाहिरात होती. त्यात तुमची सुकटी. माझं नाक. माझ्या कानातल्या जुन्या कुड्या. माझी पाटी. तिच्याभोवती हिरवी वाफ काढलीय आणि मांजर चक्कर येऊन पडतंय.

तोंड बघायला गेले तर त्यावर भलीमोठी अक्षरं टाकलेली. गाणं काय ते मला कळेना. दिपेश सांगेना. शेवटी सुनेनं कागदावर लिहून दाखवलं:

नाकाला रुमाल, तोंडाला रुमाल,
सुकटीच्या वासाला विचारू नको;
मासोळी पळते, मांजरही पळते,
पोरा, तू जवळ जाऊ नको.

चाल तीच म्हणे. गुरुजींची.

आईच्या नावानं लिहून दिलं होतंस तू. तुला माशाच्या वासाची लाज होती, हे मला तू कॉलेजात असतानाच समजलं होतं. डब्यात सुकं नको बोलायचीस. बोईसरला उतरलं की कारखान्यांच्या वासानं डोळे चुरचुरतात, त्यावर कुणी गाणं केलं नाय. आमच्यावर केलं, आणि तोंड दिलं ते माझ्या पोरीनं.

गावात सगळे बोलतात, उन्नतीनं आत्याला विकली. मी कुणाला गप्प केलं नाय.

सोळा मेला बोईसरच्या थेटरात शाळांच्या पोरांसाठी सुट्टीतला खेळ हाय. आमी बायका टेंपो करून येणार आणि खेळ बंद पाडणार. तू स्टुडिओत सांगायचं तर सांग.

यापुढं पत्र नको.

प्रेमला, पुंडलिकची बहीण (तुझी कोण ते तू ठरव)


गोरेगाव
२८ एप्रिल

आत्या,

पत्र नको म्हणालीस तरी हे एक वाच.

मला काही लिहिता येत नाही. कुणी काही विचारलं तर मला काही माहीत नाही असं सांग.

खेळ बंद पाडा किंवा नका पाडू, पण त्या गाण्यापर्यंत थांबा. आणि तू पुढच्या रांगेत, मधोमध बस. एवढं माझं ऐक.

उन्नती


सातपाटी
१८ मे

उन्नती बाय,

खरं तर मी तुला उत्तर देणार नव्हते. तुझी चिठ्ठी इंदुबाईला दाखवली तेव्हा ती बोलली, “पुढं बसवतेय म्हणजे सिनेमातलं थोबाड आणि तुझं थोबाड लोकांनी शेजारी शेजारी बघावं म्हणून.” मला पण तसंच वाटलं. नायतर पोस्टातून ‘काय माहीत नाय असं सांग’ असं कोण लिहितं? चोर लिहितो.

तरी मी पुढं बसले. का ते विचारू नको. तुला लहान असताना ताप भरला की तू फक्त माझ्याकडून औषध घ्यायचीस, ते आठवलं असेल.

आमी सतराजणी गेलो असू. थेटरचा माणूस दारात अडवायला लागला, बोलला शाळेचं तिकीट हाय. इंदुबाई बोलली, “आमी पण शाळेतल्याच, फक्त लवकर सोडली.” आत गेलो. पोरांचा दंगा असणार, मला दिसत होता, ऐकू येत नव्हता. इंदुबाईशी ठरलं होतं, ती बाजूला बसेल, गाणं सुरू झालं की माझा हात दाबेल, आणि सगळ्याजणींनी उठायचं. जिवलीनं तर पडद्यावर फेकायला पिशवीत सुकट आणलेलं.

सिनेमा चांगला हाय गं. समुद्र बघून मला वाटलं, हे ज्यानं काढलं त्यानं पाण्यात पाय घातलेत. तारू पण गोड. मग खाडी आली, काठ्या आल्या, आणि ती म्हातारी पाठमोरी. बोंबलाची जोडी अडकवत होती. ते हात माझे होते. अंगठ्यावरची गाठसुद्धा. मला राग यायला पायजे होता, तो कुठं गेला कुणास ठाऊक.

म्हातारी वळली. इंदुबाईनं हात दाबला. मागं बघितलं तर पोरं नाक धरून डोलत होती, बायका उठत होत्या, जिवलीचा हात पिशवीत. मी पण उठले. उठता उठता तिच्या तोंडाकडं बघितलं.

ओठ मिटले आणि उघडले.

मला वाटलं चूक झाली. ‘नाकाला’मधे ओठ मिटत नाय, बाय. मी थांबले. परत बघितलं. वरचे दात खालच्या ओठावर टेकले, वाऱ्याला विचार. मग ओठ गोल, बाहेर काढलेले: हु-कु-मा-ला. एवढ्या मोठ्या पडद्यावर, प्रत्येक अक्षर धुतलेलं. ती नाकाला रुमाल बोलतच नव्हती. सगळं थेटर काय ऐकत होतं ते त्यांचं त्यांना ठाऊक. मला ती सांगत होती:

चंद्र तो मागेल, मग दर्या मागेल.

मी ओरडले, “ती हे नाय बोलत! ती दुसरं बोलतेय!” माझा आवाज केवढा येतो मला कळत नाय. लोकांची तोंडं माझ्याकडं वळली म्हणजे मोठा असणार. मग मी गायले. तिच्या तोंडाबरोबर. कान गेल्यापासून मी गायले नव्हते, सूर कुठं गेला असेल देव जाणे. पण ती ओठ उघडायची आणि मी शब्द घालायचे. इंदुबाई माझ्याकडं बघत राहिली, मग पडद्याकडं, मग तिचे पण ओठ हलायला लागले. तिला येतं ना ते, तिनं तेव्हा कोरसमधे लाट केली होती. एकीचं बघून दुसरी. जिवलीनं पिशवी खाली ठेवली.

पोरांनी नाकावरचे हात काढले. मला ते सगळ्यात आधी दिसलं.

गाणं संपलं तरी आमी थांबलो नाय, दुसरं कडवं पण म्हटलं, सिनेमात ते नव्हतंच. थेटरचा माणूस आला, हात जोडून काय काय बोलला, मी मुद्दाम दुसरीकडं बघितलं. एका मास्तरनं मोबाईलवर सगळं काढलं म्हणे आणि आता ते गावोगाव फिरतंय. दिपेश बोलतो हजारो लोकांनी बघितलं.

उन्नती, ते ओठ तसे कसे राहिले? तुला हे ठाऊक होतं? का तुझ्याकडून चूक झाली आणि मी उगाच मोठं समजतेय? मला आता माझ्यावरच विश्वास नाय.

लवकर लिही.

आत्या


गोरेगाव
३ जून

आत्या,

चूक नव्हती.

मार्चमध्ये काही मुलांना बोलावून सिनेमा दाखवला होता. सुकटीच्या गाण्याला मुलं गप्प बसली. वरच्या लोकांना वाटलं कंटाळली. मला वाटलं ऐकत होती. पण मला कोण विचारतो? आठवड्यात नवे शब्द लिहून आले, त्याच चालीवर, दुसऱ्या गायिकेकडून गाऊन घेतले. हिरवी वाफ दुसऱ्या मुलांनी घातली. तोंडं बदलायचं काम माझ्याकडे आलं.

मी बदलते म्हणाले आणि बदलली नाहीत. सगळे ओठ तुझेच ठेवले. कुणी तपासलं नाही. गाणं चालू असताना लोक ऐकतात, तोंडाकडे कोण बघतो? बघणारं एकच माणूस मला माहीत होतं.

तुला आधी लिहिलं असतं तर इंदुबाईला कळलं असतं, तिच्याकडून गल्लीला, आणि स्टुडिओला कळायला किती वेळ? मग रातोरात ते ओठही गेले असते. म्हणून तुझ्या शिव्या खाल्ल्या. मी तुला विकली असं तू मानलंस, त्यापेक्षा गावाला गप्प केलं नाहीस हे मला जास्त लागलं. पण ते जाऊ दे.

आनंदाची बातमी ऐक. तुझा तो व्हिडिओ फिरल्यावर वर्तमानपत्रात आलं, सातपाटीच्या मच्छीमार सहकारी सोसायटीचं पत्रही स्टुडिओत पोचलं. टीव्हीवर आणि मोबाईलवर सिनेमा येईल त्यात गुरुजींचे शब्द परत येणार. पहिल्या गायिकेचा आवाज ठेवलेलाच होता, तोंडं आधीच जुळलेली. वाफही काढतील म्हणतात.

इथे सगळं ठीक आहे. पाऊस बरा आहे. मी पुष्कळ झोपते, वाचन करते. तू काळजी करू नकोस. बाबांना सांग की फोन करते.

तुझी
उन्नती


सातपाटी
१२ जून

उन्नती बाय,

गावाला मी गप्प केलं नाय, ते माझं चुकलं. लिहून टाकलं, परत विचारू नको.

इंदुबाईची नातवंडं आता सुकटीचं खरं गाणं म्हणतात. नाव तेच हाय, पण तोंड करायची पद्धत बदलली. आता ते हाक मारल्यासारखं दिसतं.

आता माझं ऐक. तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं आणि मला त्यात वास आला. पहिल्या पत्रात तू लिहिलं होतंस, स्टुडिओत काम भरपूर हाय. या वेळी तू झोपतेस. वाचन करतेस. शब्द परत येणार, वाफ काढतील म्हणतात. कोण म्हणतात? तू तिथं असतीस तर ‘आमी काढतोय’ असं लिहिलं असतंस.

आणि बदलायला सांगितलेली तोंडं कुणी मुद्दाम बदलली नाय, हे आता सगळ्या जगाला कळलंय. मी गायले म्हणून कळलं.

नोकरी गेली ना?

हो का नाय एवढंच लिही.

आत्या


गोरेगाव
२० जून

आत्या,

हो.

खेळ झाल्यावर तिसऱ्या दिवशी बोलावलं. दिग्दर्शकांनी व्हिडिओ लावला, तुझा आवाज आणि सुकटीचे ओठ एकमेकांवर असे बसले होते की विचारायचं काही उरलंच नव्हतं. तरी त्यांनी विचारलं, “मुद्दाम केलंस?” मी हो म्हणाले. त्यांनी व्हिडिओ थांबवला. मग म्हणाले, काम सुंदर आहे, पण तुझ्यावर आता विश्वास कसा ठेवायचा? तोंडं ठेवली, मला नाही ठेवलं. बदललेल्या सिनेमात माझं नाव असेल की नाही तेही माहीत नाही.

तू गायलीस म्हणून झालं असं पुन्हा लिहू नकोस. तू गावंस म्हणूनच तर ते ठेवलं होतं.

बाबांना सांगितलेलं नाही. बोईसरला घरी जायची हिंमत होत नाही, ते कारखान्यातून दमून येतात आणि पहिलं माझ्या नोकरीचं विचारतात. पुढच्या शनिवारी दुपारी पालघरला उतरेन म्हणते, आधी तुझ्याकडे येईन. स्टेशनवर येऊ नकोस, उन्हापावसाचं कशाला, मी सातपाटीची बस पकडून येते.

उन्नती


सातपाटी
२४ जून

उन्नती बाय,

हे पत्र दिपेशच्या ओळखीच्या पोराबरोबर धाडतेय, तो रोज मुंबईला जातो. पोस्टाचा भरवसा नाय.

पुंडलिकला मी काय सांगितलं नाय आणि सांगणार नाय. तू सांगशील तेव्हा मी बाजूला बसेन. तो ओरडला तर मला ऐकू येत नाय, त्याचा उपयोग हाय. मी त्याच्या तोंडाकडं बघत हसत राहीन, मग त्याला ओरडायची मजा राहत नाय.

आणि स्टेशनवर मी येणार. तू येऊ नको लिहिलंस, म्हणजे तू रडत उतरणार हायस, आणि बसमधे डोळे पुसून हसत माझ्या दारात उभी राहणार. मला तसं नको.

मी जिन्याच्या तोंडाशी गाडीकडं पाठ करून उभी राहीन. तुझं काय रडायचं, बोलायचं, मला शिव्या द्यायच्या ते माझ्या पाठीमागं उभं राहून सगळं करून घे. मला ऐकू येणार नाय आणि मी बघणार पण नाय. कितीही वेळ लागू दे, लोक बघू देत.

झालं की खांद्यावर हात ठेव. मग मी वळेन.

तुझी
आत्या